सगळे पोचले का?

दात बनवणाऱ्या बाईला कोणी ओळखत नाही. माप घेतो तो डॉक्टर, कवळी बसवून "चावून बघा" म्हणतो तोही डॉक्टर, आणि म्हातारा आरशात हसून बघत कौतुक करतो तेही डॉक्टरचंच. मधले आठ दिवस ती कवळी जिच्या हाताखाली घडलेली असते, ती कुठल्या गल्लीत, कुठल्या मागच्या खोलीत बसते, हे विचारायची कोणाला गरज पडत नाही. मावशीची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार करायची तर समोर कोणीतरी लागतं.

ती खोली लांबट होती. एका टोकाला नळ आणि प्लास्टर कालवायच्या रबरी वाट्या, दुसऱ्या टोकाला तिचं टेबल, टेबलावर मेण वितळवायचा छोटा दिवा, आणि समोरच्या भिंतीवर छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने घातलेला नंबर. दिवसभर एवढ्या उघड्या तोंडांसमोर बसायचं आणि त्यातलं एकही बोलायचं नाही, अशी ती नोकरी. मालक पुढच्या खोलीत फोनला चिकटलेला असे. त्याचं मावशीशी बोलणं म्हणजे "झालं का?" आणि फार खुशीत असला तर "झालं का हो?" मावशी म्हणायची, "होतंय." इतकं बोलून दिवस निघत.

तिला सगळे मावशी म्हणत, पण खरी भाची एकच, धाकट्या बहिणीची मुलगी. मावशीचं लग्न राहून गेलं होतं. आधी धाकटीचं उरकलं, मग वडील अंथरुणाला खिळले, आणि ते गेले तोवर विचारणारेही विचारून दमले होते. अशा त्या दोन खोल्यांच्या घरात भाची कॉलेजसाठी राहायला आली आणि घराला आवाज फुटला. दारं आपटायला लागली, ओले टॉवेल खुर्चीवर पडायला लागले, चहा उतू जायला लागला. मावशी दिवसभर करवादायची आणि मनातून सुखावायची. पोरीला यायला उशीर झाला की ती जेवायची थांबायची. थांबण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लहानपणी बहिणीची वेणी होईपर्यंत थांबली, पुढे वडिलांच्या औषधाची वेळ होईपर्यंत थांबली, आणि आता भाचीची किल्ली दारात वाजेपर्यंत थांबत होती. तिच्यासाठी कोणी थांबल्याचं मात्र तिला काही केल्या आठवत नसे.

भाचीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि ती गेली. जाणारच होती, त्यात तिचा दोष नव्हता. मग मावशीने एका सुट्टीला पलंग सरकवून झाडून काढलं, तेव्हा पलंग आणि भिंत यांच्या फटीत एक जाडजूड पुस्तक सापडलं. निळ्या मुखपृष्ठावर पाण्यात पेटलेला दिवा, आणि दिव्याशेजारी मिश्या फेंदारून बसलेलं पाणमांजर. 'तळ्याखालचं शहर', भाग पहिला.

तिने ते उघडलं ते वाचनाच्या हौसेने नव्हे. भाचीचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. "जेवलीस का?" "जेवले. तू?" "हो." आणि मग दोघी आधी फोन कोण ठेवतंय याची वाट बघायच्या. मावशीला वाटलं, आपण हे वाचलं तर बोलायला काहीतरी होईल. पहिली तीसेक पानं तिला शष्प कळलं नाही. कोण राणी, कुठला सांडवा, आणि पाण्यात दिवा पेटतो म्हणजे काय. पण पुढे ती पंधरा वर्षांची पोर आली. आईबाप नसलेली, तळ्याखालच्या शहरात दिवे लावायचं काम शिकणारी. तिला शिकवणारे दिवेकरी आजोबा आले. आणि ते पाणमांजर आलं, जे इतकं फटकळ होतं की मावशीला आपल्या आत्याची आठवण झाली. वरच्या जगातला एक राक्षस ते तळं आटवायला निघालेला, आणि तळं आटलं की दिवे विझणार. झालं. मावशी खलास. पुस्तक संपलं तेव्हा तिचा सकाळचा चहा तसाच गार पडला होता.

त्या आठवड्यात तिने भाचीच्या फोनची वाट पाहिली नाही, आपणच केला. भाची हसली. "ते अजून घरी आहे? टाकून दे गं. लहान मुलांचं असतं ते. मी कधीच सोडलं." मावशी म्हणाली, बरं. फोन ठेवला आणि पुस्तक टाकून न देता कपाटात साड्यांच्या वर ठेवलं.

हे 'लहान मुलांचं' म्हणणाऱ्यांना एकदा गाठून विचारायला हवं. पंधरा वर्षांच्या मुलीला कोणी नाही, तिला अंधारात एकटीने जावं लागतं आणि ती जाते, यात लहान मुलांचं काय आलं? पन्नाशीच्या बाईच्या वाट्याला अंधार काय कमी येतो? फक्त तिला पाणमांजर मिळत नाही, एवढाच फरक.

दुसरा भाग शोधत ती वाचनालयात गेली. तिथे किशोरांच्या कपाटापाशी एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी उभी होती, आणि दोघींचा हात एकाच पुस्तकावर पडला. मुलीने विचारलं, मुलीसाठी नेताय का? मावशीला क्षणभर 'हो' म्हणून सुटका करून घ्यावीशी वाटली. पण ती म्हणाली, "नाही, माझ्यासाठी." मुलीचे डोळे असे चमकले, जणू परक्या गावात कोणी ओळखीचं भेटलं. पुढे दहा मिनिटं ती दिवेकरी आजोबांबद्दल बोलत होती आणि मावशी मान डोलावत होती. निघताना तिने मावशीचा फोन नंबर घेतला आणि बजावलं की आपला एक गट आहे, रविवारी चार वाजता सगळे फोनवर एकत्र येतात, तुम्ही यायचंच.

गट म्हणजे काय, तर मावशीला धरून चार माणसं. ही मुलगी स्वतःला अध्यक्ष म्हणवून घ्यायची आणि बाकीचेही तिला अध्यक्षच म्हणायचे. दुसरी एक नर्स, तिशीची, तोंडाने तिखट. आणि तिसरे लिफ्टवाले काका. अध्यक्ष ज्या इमारतीत शिकवणीला जायची तिथली लिफ्ट ते चालवायचे. एकदा त्यांच्या स्टुलावर पहिला भाग पालथा ठेवलेला तिला दिसला आणि तिने त्यांना तिथल्या तिथे भरती करून घेतलं. रविवारीही शिकवण्या असायच्या, म्हणून काका लिफ्टमधूनच बोलायचे. त्यांच्या बाजूने मधूनमधून घंटी वाजायची आणि लोखंडी दार सरकल्याचा आवाज यायचा. बोलणं बेताचंच. "बरोबर आहे," नाहीतर "मलाही तसंच वाटलं."

गटाची एक पद्धत होती. एका रविवारी ठरवायचं की पुढच्या वेळेपर्यंत अमुक प्रकरणापर्यंत वाचायचं, आणि तिथे थांबायचं. पुढे कोणी जायचं नाही. चारच्या ठोक्याला अध्यक्ष विचारायची, "सगळे पोचले का?" आणि प्रत्येकाने पोचलो, पोचले म्हणायचं. मग चर्चा.

ही पद्धत मावशीमुळेच पडली होती. सुरुवातीला मावशी फार हळू वाचायची. दिवसभर बारीक काम केलेले डोळे रात्री अक्षरांवर टिकायचे नाहीत. तिसऱ्या की चौथ्या रविवारी बाकीचे पुढे गेलेले आणि ती मागेच. ती शरमून म्हणाली, तुम्ही चालू द्या, माझ्यापायी खोळंबू नका, मी आपली सोडते. तर ती पोरगी सहज म्हणाली, "थांबतो की, मावशी. पुस्तक काय पळून जातंय?"

अध्यक्षच्या लेखी ते कदाचित रस्ता ओलांडताना दाखवतात तेवढंच सौजन्य असेल. मावशीने मात्र फोन ठेवल्यावर पदराने डोळे पुसले. त्या आठवड्यात तिने ते वाक्य मनातल्या मनात किती वेळा ऐकलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

मग रविवार तिचे झाले. शनिवारपासून ती काय बोलायचं ते ठरवत बसे. एकदा चर्चा त्या राक्षसावर आली. पुस्तकात लिहिलं होतं की त्याचे दात वीतभर लांब आहेत आणि तो कुजबुजत बोलतो. मावशी न राहवून म्हणाली, वरचे दात एवढे लांब असतील तर त्याला तोंडच मिटता येणार नाही, आणि ओठ मिटल्याशिवाय 'प' आणि 'म' निघतच नाहीत. मग हा 'मरण' कसं म्हणतो? तिघंही जी हसत सुटली! नर्स म्हणाली, ते जाऊ द्या, त्या पोरीला कोणीतरी जखम धुवायला सांगा, तिसऱ्या प्रकरणात मगर चावलीये आणि चौथ्यात बाई कडा चढतायत. अध्यक्ष लेखिकेची बाजू घेऊन भांडत होती. मावशी घरी एकटीच खुर्चीत बसून इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

असे चार भाग झाले. तिसऱ्याच्या शेवटी दिवेकरी आजोबा वारले, तेव्हा सगळ्यांनी त्या रविवारी हळू आवाजात बोलून घेतलं. चौथा संपला, पाचवा आणि शेवटचा हातात आला. आणि त्याच सुमारास अध्यक्षने सांगितलं की तिला पुढच्या शिक्षणासाठी बाहेर प्रवेश मिळालाय, हे पुस्तक झालं की ती निघणार. नर्सलाही दुसऱ्या रुग्णालयात जागा मिळाली होती, तिथे रविवारची पाळी पक्की. मावशीने जरा चाचरत विचारलं, मग नंतर दुसरी एखादी मालिका? अध्यक्ष म्हणाली, बघू ना पुढे. भाचीही असंच म्हणायची, सुट्टीत येशील का विचारलं की.

पाचवा भाग मावशीने विकत आणला आणि तो तिच्याने हातात धरवेना की सोडवेना. ठरलं होतं पहिल्या पाच प्रकरणांचं. तिने दोन दिवसांत अख्खं पुस्तक संपवलं. कामाच्या टेबलावर मेणाच्या दिव्याशेजारी ठेवून वाचलं. त्या नादात तिने एका माणसाचा डावा सुळा उजवीकडे बसवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मालक उठून मागच्या खोलीत आला. "तब्येत बरी आहे ना?" त्याने विचारलं. ती म्हणाली, बरी आहे. शेवटचं पान वाचून झालं तेव्हा तिला शेवटाबद्दल काहीच वाटलं नाही. तिला एवढंच दिसलं की यापुढे पान नाही, आणि पान नाही म्हणजे रविवार नाही.

त्या रविवारी अध्यक्षने विचारलं, "सगळे पोचले का?" नर्स म्हणाली, पोचले. काका म्हणाले, पोचलो. मावशीने 'पोचले' म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्याच कानांनी ऐकलं, "नाही गं. थोडं राहिलं. डोळे दुखत होते."

"हरकत नाही," अध्यक्ष म्हणाली. "थांबतो की."

एकदा चव लागली की लागलीच. पुढच्या रविवारी कामाचा ढीग निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखलं. मग दोन प्रकरणं झाली, असं ती कबूल करायची, कारण अगदीच जागेवर बसलं तर संशय यायचा. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती फार काळजीपूर्वक बोलायची. प्रत्येक शनिवारी मागची प्रकरणं पुन्हा वाचायची, म्हणजे आपल्याला किती ठाऊक असायला हवं आणि किती नको, ते पक्कं राहील. आणि प्रत्येक रविवारी त्या तीन माणसांना आपल्यासाठी थांबवून धरायची. तिला लाज वाटायची. पण लाजेपेक्षा रविवारची संध्याकाळ मोठी होती.

बाकीच्यांचा धीर सुटत चालला होता. अध्यक्षच्या सामानाची बांधाबांध सुरू झाली होती, तरी ती पुढे वाचत नव्हती. नियम तिचाच होता. नर्स एकदा म्हणालीच, मावशी, मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर देऊ का? मावशी म्हणाली, दे. दिला, तो तिने लिहूनही घेतला. काका मात्र एका शब्दाने कुरकुरले नाहीत. उलट एकदा म्हणाले, "सावकाश होऊ द्या ताई. घाई कसली?"

काकांचा एक घोटाळाही त्याच काळातला. शेवटचा दिवा कोण लावेल, यावर चर्चा चालली होती. काका एरवी गप्प असायचे, ते एकदम म्हणाले, "आजोबा आहेत की." मग नर्स मऊपणे म्हणाली, काका, ते तर तिसऱ्या भागातच गेले. काका गडबडले. "हो हो. असते तर, असं म्हणतोय मी." तेवढ्यात घंटी वाजली आणि ते दार सरकवायला गेले. अध्यक्ष म्हणाली, काकांना अजून ते गेलेत हेच पटत नाही. मावशीला तर गहिवरून आलं.

असं करत करत गाडी सांडव्याच्या प्रकरणापाशी येऊन अडकली. त्या प्रकरणात सांडव्याचं दार फुटतं, आणि त्या पोरीला वाचवायला गेलेलं पाणमांजर लोंढ्याबरोबर अंधारात वाहून जातं. प्रकरण तिथेच संपतं. माणसाला तिथे थांबवणं म्हणजे जेवणाच्या पानावरून उठवण्यासारखंच होतं, आणि मावशीने दोन आठवडे त्यांना तिथे थांबवून ठेवलं होतं.

त्या रविवारी अध्यक्षचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ती निघायला थोडेच दिवस उरले होते. ती म्हणाली, मी काल खोली रिकामी केली, सगळं खोक्यांत भरलं, आणि रात्रभर मला झोप नाही. एकटी कशी राहणार तिथे, कोणी ओळखीचं नाही. "आणि मूर्खासारखं मला सारखं त्या पाणमांजराचंच येतंय डोक्यात," ती म्हणाली, आणि फोनवरच रडायला लागली. "ते मेलं ना, तर मला नाही वाचायचं पुढे. खरंच नाही वाचायचं."

पोर रडतेय म्हटल्यावर मावशीला दुसरं काही सुचलंच नाही. ती भाचीशी बोलायची तशी बोलून गेली. "अगं वेडे, रडतेस काय? येतं ते परत. नुसता एक कान फाटतो."

काकांच्या लिफ्टची घंटी वाजली. ती कोणीतरी दोनदा वाजवली, तरी दार सरकल्याचा आवाज आला नाही.

नर्सने विचारलं, "मावशी, तुम्ही पुढे वाचलंय?"

आता आणखी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "संपवलंय," मावशी म्हणाली.

"कधी?"

"आणलं, त्याच आठवड्यात."

नर्स काही बोलणार होती, पण अध्यक्ष आधी बोलली, अगदी हळू. "आम्ही थांबलो होतो, मावशी."

एवढंच. ओरडली असती, वाटेल ते बोलली असती, तर मावशीने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं असतं. पण ती ओरडली नाही. एकेक करून फोन बंद झाले.

आठवडाभर मावशीने जबड्यांमध्ये डोकं खुपसून काम केलं. मालकाने "झालं का?" विचारायच्या आत कवळ्या पुढच्या खोलीत जाऊन पडत होत्या. मधल्या एका दिवशी अध्यक्षचा निरोप आला की या रविवारी सगळ्यांनी पुस्तक संपवून यायचं, हा शेवटचा रविवार. रागाचा शब्द नव्हता, प्रेमाचाही नव्हता.

शेवटच्या रविवारी सगळे पोचले होते. नर्स म्हणाली, शेवट चांगला केलाय पण लग्नाची काही गरज नव्हती. अध्यक्ष म्हणाली, फाटक्या कानाचं पाणमांजर दिव्यापाशी येऊन बसतं तिथे मी रडले, ठाऊक असूनही. काका म्हणाले, बरोबर आहे. मावशीला मत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, मला तो शेवट सोसला नाही, म्हणून मी तुम्हाला वाचू दिला नाही, चुकलं माझं. ती बोलली आणि तिला हलकंही वाटलं आणि रितंही.

अध्यक्ष म्हणाली, "मावशी, तुम्ही नुसतं सांगितलं असतं ना, की संपवायचं नाहीये, तर आपण रोज एकच पान वाचलं असतं."

खरंच वाचलं असतं का, कोण जाणे. वीस वर्षांची मुलं मनापासून बोलतात आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसून जातात. पण मावशीला हे कधी सुचलंच नव्हतं, की असं मागता येतं. तिने जन्मात थांबण्याशिवाय काही केलं नव्हतं. थांबा असं म्हणायची रीत तिला कोणी शिकवली नव्हती. नर्सने सगळ्यांना जेवत जा, झोपत जा असं बजावलं. अध्यक्ष म्हणाली, पोचल्यावर कळवते. आणि गट संपला. भांडण नाही, तंटा नाही, चहाचे कप उचलून ठेवावेत तसा संपला.

पुढचा आठवडा कसा गेला ते सांगण्यासारखं काही नाही. सोमवारी मालकाने "झालं का?" विचारलं, मावशी म्हणाली, "होतंय." अध्यक्षचा पोचल्याचा निरोप आला, खाली पाणमांजराचं छोटं चित्र. मावशीला उत्तरात पुष्कळ लिहायचं होतं, तिने लिहिलं, "बरं. सांभाळून राहा." भाचीचा फोन आला. जेवलीस का, जेवले, तू, हो.

आणि रविवार आला. सुट्टीचा दिवस एकट्या माणसाला खायला उठतो, हे काही नवं नाही. मावशीने कपाट आवरलं, खिडकीच्या काचा पुसल्या, स्वच्छ होत्या त्याही पुसल्या. चार वाजायला आले तशी ती खुर्चीत येऊन बसली आणि फोन मांडीवर ठेवला. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. सवयीने ती हळूच म्हणाली, "सगळे पोचले का?" आणि आपल्याच वेडेपणाची तिला चीड आली. तिने उठून चहाचं पाणी ठेवलं.

फोन वाजला. लिफ्टवाले काका होते.

काकांनी तिला स्वतंत्रपणे कधीच फोन केला नव्हता. दोघंही थोडा वेळ "हां, बोला" आणि "नाही, सहज" असं करत राहिले. मग काका म्हणाले, "ताई, रागावणार नसाल तर एक सांगायचंय. मी पोचलोच नव्हतो."

मावशीला कळेना. "कुठे पोचला नव्हता?"

"कुठेच," काका म्हणाले. आणि मग ते भडाभडा बोलायला लागले. एवढं बोलताना तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की ते लिफ्टमध्येच वाचतात, घरी माणसं फार आणि जागा थोडी. एक ओळ वाचली की घंटी वाजते. वर जाऊन येईस्तोवर ओळ हरवते, मग पुन्हा पहिल्यापासून. मुळात शाळा लहानपणीच सुटलेली, अक्षरं जोडायला वेळ लागतो. पहिला भाग झाला तेव्हा बाकीच्यांचा तिसरा चालला होता. तुम्ही सगळे पाचव्यात होतात, तेव्हा मी दुसऱ्याच्या मध्यावर.

"मग दर रविवारी 'पोचलो' कशाला म्हणायचात?"

"तुमच्यासाठी एकदा थांबले होते ना सगळे," काका म्हणाले. "आणखी मीही थांबवायचं म्हणजे त्या पोरींनी करायचं तरी काय? म्हटलं, ऐकत राहू. माणसं बोलतात ते तरी कानावर पडतं."

मावशी खुर्चीत बसली. पोचलेली असून ती नाही म्हणत होती आणि न पोचलेला हा माणूस हो म्हणत होता, आणि दोघांनी एकमेकांवर सपशेल विश्वास ठेवला होता. तिला हसू यायला लागलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, त्यामुळे काका घाबरून ताई ताई करायला लागले. ती म्हणाली, काही नाही, तुम्ही बोला.

"तुम्ही जे रेंगाळलात ना," काका म्हणाले, "त्यात माझा दुसरा भाग पुरा झाला. त्या दोघी वैतागल्या होत्या, पण मी मनातून म्हणायचो, होऊ दे ताईंना उशीर."

मावशीने विचारलं, आता कुठे आहात? तिसऱ्यात, ते म्हणाले. आजोबा आजारी पडलेत.

पुढचं मावशीला ठाऊक होतं आणि त्यांनाही. तिने चाचरत विचारलं, की आम्ही तर सगळं बोलून बसलो, आजोबांचं, पाणमांजराचं, शेवटाचं; तुम्ही सगळं ऐकलंत, मग आता वाचण्यात काय उरलं?

"ऐकलंय खरं," काका म्हणाले. "पण माझ्याकडे ते अजून जिवंत आहेत. कालच तिला वात कशी कापायची ते शिकवत होते. म्हणून तर त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, आजोबा आहेत की. ते जातील त्या पानाला कोणीतरी बरोबर असावं असं वाटलं. अध्यक्षबाई गेल्या. नर्सबाई कामात. म्हटलं, तुम्हाला विचारावं. पण फार हळू जाईल हो. तुम्हाला कंटाळा येईल."

मावशीने भिंतीवर चाललेल्या घड्याळाकडे पाहिलं, रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. चहाचं पाणी उकळून आटत आलं होतं, ते तिने उठून बंद केलं.

"आज किती पानं झाली?" तिने विचारलं.

"अर्धं."

"वाचा ना मग मोठ्याने. मी ऐकते."

काकांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले, एकेक अक्षर पायरीवर पाय ठेवावा तसं. आजोबा बिछान्यावर उठून बसले होते आणि त्यांनी त्या पोरीला हाक मारली होती. वाक्य अर्ध्यावर आलं आणि घंटी वाजली.

"ताई, एक मिनिट. वरून बोलावलंय. नाहीतर ठेवू का फोन?"

"ठेवू नका," मावशी म्हणाली. "जाऊन या. मी थांबते."

लोखंडी दार सरकलं. मावशी फोन कानाला धरून बसली आणि लिफ्ट वर जाताना ऐकत राहिली.